ज्याचा राग येतो, त्याच्यापासून मैत्रीभावना सुरू करू नका

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. दूधगंगेकाठी वडिलोपार्जित उसाचं रान, वाटणी कधीच होऊन गेलेली. धाकट्या भावाने बांध दोन फूट तुमच्याकडे सरकवला आणि तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद. घरात त्रिशरण-पंचशील लहानपणापासून. विहारात सांगितलं म्हणून तीन महिने रोज पहाटे भावाला डोळ्यांसमोर आणून मैत्रीभावना, म्हणजे ‘याचं भलं होवो’ असं मनात घोळवायचं ध्यान, करता, आणि राग उतरायच्या ऐवजी चढतो. त्यात कुणीतरी ‘करवतीने कापलं तरी मनात द्वेष येता कामा नये’ हे बुद्धवचन ऐकवलं. आता तुम्ही विचारता : सगळं दुःखच मानायचं तर धडपड कशाला करायची? मोजणीचा अर्ज मागे घ्यायचा का? आणि हा मार्ग आमच्यासारख्या संसारी माणसाला झेपणारा आहे का?

तीन प्रश्न वाटतात, पण तिन्हीच्या मुळाशी मला एकच गफलत दिसते. कुठल्या जागी कुठलं काम करायचं याची अदलाबदल झालीय.

सारनाथला पाच भिक्खूंपुढे केलेल्या पहिल्या प्रवचनात, म्हणजे धम्मचक्कप्पवत्तन सुत्तात, चार सत्यं नुसती सांगून सोडलेली नाहीत. प्रत्येकाला एक काम जोडलेलं आहे. दुःख ‘परिञ्ञेय्य’, म्हणजे पुरतं ओळखायचं. त्याचं कारण म्हणजे तृष्णा, ती ‘पहातब्ब’, सोडून द्यायची. निरोध, म्हणजे दुःखाचं थांबणं, ‘सच्छिकातब्ब’, स्वतः अनुभवून पाहायचा. आणि मार्ग ‘भावेतब्ब’, वाढवत न्यायचा. हे सत्य आहे हे कळणं, त्याचं काम कोणतं ते कळणं आणि ते काम पुरं झालं हे कळणं, असे प्रत्येकी तीन फेरे, मिळून बारा. वंदनेत हे सुत्त पाठ म्हणणाऱ्यांकडूनही हा भाग तोंडावरून वाहून जातो, आणि मग माणूस दुःखच सोडायला धावतो. ते सुटत नाही. तृष्णेचा तो अभ्यास करत बसतो, पण सोडत नाही. मार्गाबद्दल वाचत राहतो, पण चालत नाही.

म्हणून ‘दुःख आहे’ हे मान्य करायचं मत नव्हे. डॉक्टरने ताप किती आहे ते मोजून सांगितलं म्हणून कुणी हातपाय गाळत नाही. उलट त्याशिवाय औषध ठरत नाही. त्याच सुत्तातल्या यादीत जन्म, जरा, व्याधी, मरण यांच्या पुढे ‘अप्पियेहि सम्पयोगो दुक्खो’ आहे, म्हणजे नको त्या माणसाशी गाठ पडणं हे दुःख. तुमची बांधाची गोष्ट त्या यादीत जवळजवळ नाव घेऊन आलीय. ती तुमच्या घराची लाज नाही किंवा धम्मात कमी पडल्याचा दाखलाही नाही.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी, कारण आपल्याकडच्या बहुतेक बौद्ध घरांत ती येतेच. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत चार आर्यसत्यांबद्दल शंका मांडली आहे. जगणं दुःख, मरण दुःख, पुनर्जन्मही दुःख असेल तर आशेला जागा कुठे उरते, आणि ही सत्यं मुळातली की भिक्खूंनी नंतर घातलेली, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी पहिल्या प्रवचनाची मांडणी शुद्धीचा मार्ग म्हणजे पंचशील, सदाचाराचा मार्ग म्हणजे अष्टांगिक मार्ग आणि शीलाचा मार्ग म्हणजे दहा पारमिता (पूर्णत्वाला न्यायचे सद्गुण), अशी केली. माणसाने माणसाला दिलेलं दुःख त्यांच्या डोळ्यांपुढे होतं, आणि 1956 साली नागपुरात दीक्षा घेतली ती ते दुःख सोसत बसण्यासाठी नव्हे. म्हणजे तुमचा पहिला प्रश्न बाबासाहेबांनीही विचारलेला आहे. तुमच्या विहारात कुठली मांडणी चालते त्यावर शब्द बदलतील. माझं मत असं की रोजच्या सरावात दोन्ही एकाच ठिकाणी येऊन भेटतात : दुःखाकडे पाठ फिरवायची नाही, आणि ते नशीब म्हणून डोक्यावरही घ्यायचं नाही.

आता ओळखायचं म्हणजे काय, ते तुमच्याच बांधावर बघू. संयुत्त निकायातल्या सल्ल सुत्तात दोन बाणांचा दाखला आहे (निकाय म्हणजे बुद्धवचनांचे पाली संग्रह). एक बाण शरीराला लागतो. अजाण माणूस त्यावर शोक करतो, छाती पिटतो, म्हणजे स्वतःलाच दुसरा बाण मारून घेतो. जाणत्यालाही पहिला बाण लागतोच, दुसरा लागत नाही. कागद घ्या आणि दोन्ही बाण वेगवेगळे लिहा. पहिला : बांध दोन फूट सरकला, लांबी समजा तीनशे फूट, तर सहाशे चौरस फूट गेले. गुंठा 1089 चौरस फुटांचा, म्हणजे हे अर्ध्या गुंठ्याच्या थोडं वर. त्यात ऊस किती निघतो, त्याचं बिल किती होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. तो आकडा लिहा. दुसरा बाण : दिवसातून किती वेळा ते दोन फूट मनात मोजले जातात, रात्री पाण्याची पाळी असताना मोटर चालू करून किती वेळ भावाशी मनातल्या मनात भांडण चालतं, बायकोवर आणि पोरांवर त्यातला किती राग निघतो. ही गोळाबेरीज आठवडाभर रोज संध्याकाळी दोन ओळींत लिहा. न्याय-अन्याय लिहायचा नाही, फक्त किती वेळा आणि अंगात कुठे जाणवलं एवढंच : जबडा, छाती, पोट. याला म्हणतात परिञ्ञा. पहिला बाण मोजणीने निघतो. दुसरा सर्व्हेअरच्या हातात नाही.

सल्ल सुत्तात आणखी एक बारकावा आहे, आणि मला तो दोन बाणांपेक्षाही कामाचा वाटतो. दुखऱ्या वेदनेत (पालीत वेदना म्हणजे सुखाची-दुःखाची कुठलीही जाणीव) सापडलेला माणूस सुखाच्या वेदनेकडे पळतो, कारण त्याला सुटायची दुसरी वाट माहीतच नसते. संध्याकाळी दारू, रात्री उशिरापर्यंत मोबाइल, चार लोकांत बसून भावाच्या चहाड्या, ही सगळी त्याच पळापळीची रूपं. चहाडीत सुख असतं, हे कबूल करायला हवं. नसतं तर ती इतकी चवीने झाली नसती.

तृष्णेच्या तीन जाती सांगितल्या आहेत, आणि भाऊबंदकीत तिन्ही सापडतात. ‘ती जमीन मला हवी’ ही कामतृष्णा. ‘मी थोरला, घरात माझंच चाललं पाहिजे’ ही भवतृष्णा. आणि ‘हा भाऊ नसताच तर बरं झालं असतं’ ही विभवतृष्णा. पहिली उघड असते म्हणून सगळे तिच्याच मागे लागतात, आणि ‘जमिनीचा मोह सोड’ म्हणून तुम्हाला उपदेश करतात. पण अशा वादांत जाळणारी असते ती बहुधा दुसरी. तपासायला सोपं आहे : उद्या भावाने मुकाट्याने बांध मागे घेतला, पण एक शब्द बोलला नाही, तर राग जाईल का? जाणार नसेल तर प्रश्न दोन फुटांचा उरलेला नाही.

ती सोडायची कुठे? प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे एकातून दुसरं कसं उपजतं त्या साखळीच्या, बारा कड्यांत स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान असा क्रम येतो. भावाची ट्रॉली बांधावरून जाताना दिसली, हा स्पर्श. छातीत गरम झालं, ही वेदना. इथपर्यंत तुमच्या हातात फारसं काही नसतं. ‘आज बघतोच याला’ ही तृष्णा, आणि त्यावर अर्धा तास खटला चालवणं हे उपादान, म्हणजे चिकटून बसणं. वेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये जी फट आहे, साधारण एक-दोन श्वासांची, तेवढीच कामाची जागा. तिथे ‘गरम होतंय’ एवढं लक्षात आलं तरी पुरे. राग दाबायचा नाही. दाबलेला राग जेवणाच्या ताटावर निघतो.

आता जमिनीचा हक्क. अर्ज मागे घेऊ नका, निदान धम्माचं नाव करून तरी घेऊ नका. अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाचा कोलिय गृहस्थ बुद्धांना विचारतो की आम्ही बायकापोरांत राहणारे, चंदन लावणारे, सोनं-चांदी बाळगणारे लोक. आम्हाला झेपेल असं सांगा. उत्तरात चार गोष्टी येतात : उद्योगीपणा, कमावलेलं राखणं, चांगल्यांची संगत आणि मिळकत बघून खर्च. त्यातल्या दुसरीला ‘आरक्खसम्पदा’ म्हणतात. घाम गाळून, धम्माने मिळवलेलं धन असं राखावं की ते राजे नेणार नाहीत, चोर नेणार नाहीत, आग जाळणार नाही, पाणी वाहून नेणार नाही आणि नावडते वारस हिरावणार नाहीत. पाणी आणि भाऊबंद एकाच ओळीत! 2005 आणि 2019 चा महापूर पाहिलेल्या नदीकाठच्या माणसाला ही यादी वेगळी समजावून सांगायची गरज नाही. तेव्हा उतारा काढणं, हद्दबस्ताचा, म्हणजे हद्द कायम करायचा, अर्ज देणं, खुणेचे दगड बसवून घेणं हे सगळं गृहस्थाच्या धम्मातच मोडतं. अर्ज करतानाचं मन कसं आहे ते वेगळं तपासायचं. मोजणीत उलट तुमच्याकडेच एक फूट जास्त निघालं तर ते सोडायची तयारी आहे का? असेल तर अर्ज स्वच्छ आहे.

एक मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. हाणामारीपर्यंत मामला गेला असेल, कोयता दाखवला गेला असेल, तर आधी स्वतःची आणि घरच्यांची सुरक्षा आणि पोलिसांत नोंद. मैत्रीभावना त्याच्या जागी वापरायची नाही.

आता मुख्य बिघाडाकडे येतो. मैत्रीभावना तुम्ही उलट्या टोकाने धरलीय. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी लिहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या साधनेवरच्या ग्रंथाच्या नवव्या प्रकरणात सुरुवात कुणापासून करू नये ते आधी सांगितलंय : नावडता माणूस, जिवाचा लाडका माणूस, ना आवडता ना नावडता माणूस, आणि वैरी. कारणंही दिली आहेत. नावडत्याला आवडत्याच्या जागी बसवताना मन दमतं. लाडक्याला जरा काही झालं तर रडू येतं. परक्याला आदराच्या जागी बसवतानाही दमछाक होते. आणि वैऱ्याची आठवण काढली की रागच येतो. तुमचे तीन महिने या शेवटच्या वाक्यात आहेत. रोज पहाटे वीस मिनिटं भावाचा चेहरा एकाग्रतेने समोर धरून तुम्ही रागाचाच रियाज केला, आणि रियाजाने जे व्हायचं तेच झालं.

मेलेल्या माणसावरही ही भावना करायची नाही, असं तिथे बजावलंय. आपल्याकडे हमखास होणारी चूक हीच. वारलेली आई किंवा वडील समोर आणतात, पाच मिनिटांत डोळे भरून येतात, आणि त्यालाच मैत्री समजतात. तो शोक आहे. शोकात वाईट काही नाही, पण त्याच्या पायावर मैत्री वाढत नाही. बाबासाहेबांचा फोटो समोर ठेवून बसणाऱ्यांनाही हेच लागू होतं. ती कृतज्ञता आहे, तिने बळ येतं, रोज करा. पण ते वेगळं काम, आणि मैत्रीला जिवंत माणूस लागतो.

योग्य क्रम असा. आधी स्वतः. मग उपकार केलेला, आदर वाटणारा जिवंत माणूस. मग जवळचा मित्र, मग परका, आणि सगळ्यांत शेवटी वैरी. वेळेचं गणित सुरुवातीला वीस मिनिटांचं ठेवा. पहिली पाच मिनिटं नुसता श्वास, नाकपुड्यांपाशी येताजाताना. मग पाच मिनिटं स्वतःसाठी. पालीत म्हणायचं तर ‘अहं अवेरो होमि, अब्यापज्झो होमि, अनीघो होमि, सुखी अत्तानं परिहरामि’, म्हणजे मी निर्वैर असो, माझ्या मनात द्वेष नसो, मला त्रास नसो, मी सुखाने स्वतःला सांभाळो. एक ओळ एका उच्छ्वासाबरोबर, मध्ये एक श्वास मोकळा. ओळी भराभर म्हटल्या तर ते पाठांतर होतं आणि मन खुशाल बांधावर जाऊन बसतं. पुढची दहा मिनिटं उपकारकर्त्यासाठी. शाळेतले एखादे गुरुजी असतील, अडचणीत बियाणाला पैसे देणारी आत्या असेल. त्यांचा चेहरा नुसता आणू नका, त्यांनी केलेली एक ठरावीक गोष्ट आणा. चेहरा पुसट होतो, गोष्ट टिकते.

पहिले तीन-चार आठवडे एवढंच. भाऊ यात कुठेही नाही. तो आपणहून मनात आला तर (येणारच) त्याला हाकलू नका आणि बसवूही नका, ओळीवर परत या. पुढच्या महिन्यात परका माणूस घ्या : बसचा कंडक्टर, डेअरीत दूध मोजून घेणारा. ज्याची उधारी आहे असा दुकानदार नको, तो परका राहत नाही. इथे मन कंटाळतं, आणि कंटाळा आला म्हणजे सराव ठीक चाललाय. परक्यावरची मैत्री हीच खरी कसोटी आहे. आवडत्यावर ती आपोआप होते आणि वैऱ्यावर पुष्कळदा दिखाऊ होते. त्यानंतर बारीक डोकेदुखी देणारा एखादा माणूस, आणि मग भाऊ, तोही दोन मिनिटं. जबडा आवळला, श्वास आखूड झाला की तिथेच थांबून उपकारकर्त्यावर परत. हे मागे येणं पद्धतीतच आहे. विसुद्धिमग्गातही राग उसळला तर आधीच्या माणसांवर पुन्हा पुन्हा मैत्री करून मगच वैऱ्याकडे वळायला सांगितलंय.

काहींना स्वतःपासून सुरू करणंच जमत नाही. ‘मी सुखी असो’ म्हणताना घशात अडकतं, विशेषतः घरासाठी राबण्यात जन्म गेलेल्या बायकांना. निपाणीच्या वखारीत दिवसभर तंबाखूत काम करून आलेल्या बाईला स्वतःचं सुख मागणं आगाऊपणाचं वाटतं. त्यांनी उपकारकर्त्यापासून सुरू करावं आणि स्वतःकडे नंतर यावं. चालतं.

वेळही बघा. रात्री लाइटच्या वेळेप्रमाणे मोटरीवर जागरण केलं असेल तर त्या पहाटे बसू नका. तिथे जी झोप येते तिला थीनमिद्ध (ध्यानात आडवी येणारी सुस्ती) म्हणून नाव ठेवण्यात अर्थ नाही, ती साधी झोप आहे. भांडण झाल्यावर तासाभरात बसायचं नाही, आधी चालून या. आणि डोळे मिटले की छातीत धडधड, जुन्या मारहाणीच्या आठवणी, जीव नकोसा वाटणं असं होत असेल, तर बसणं थांबवून डॉक्टर गाठा. ध्यान हे त्या आजाराचं औषध नव्हे.

रागाला वेगळ्या वाटाही आहेत. अंगुत्तर निकायात आघात, म्हणजे मनात धरलेला राग, घालवायचे पाच उपाय आहेत : मैत्री, करुणा, उपेक्षा (पालीत याचा अर्थ समतोल मन, हेळसांड नव्हे), त्या माणसाकडे लक्षच न देणं, आणि ‘त्याचं कर्म त्याच्यापाशी’ हे ध्यानात घेणं. चौथा उपाय आपल्याला पळपुटा वाटतो, पण तो यादीत आहे, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत तुमच्यासाठी तोच सगळ्यांत योग्य. पाचव्याचा मात्र आपल्याकडे शाप करून टाकतात. ‘भोगेल आपल्या कर्माची फळं’ असं दात आवळून म्हणणं हा द्वेषच, फक्त पाली कपडे घातलेला.

त्याच्या पुढच्याच सुत्तात बुद्धांचे पट्टशिष्य सारिपुत्त हे आणखी उलगडून सांगतात, आणि तिथले दाखले शेतकऱ्याला लगेच कळतील असे आहेत. एखाद्याचं वागणं वाईट, पण बोलणं बरं असेल तर? चिंध्या पांघरणाऱ्या भिक्खूला वाटेत फडकं दिसतं. तो ते डाव्या पायाने दाबतो, उजव्याने पसरतो, त्यातला धड भाग फाडून घेतो आणि बाकीचं तिथेच सोडून पुढे जातो. बोलणं वाईट, वागणं बरं असेल तर? शेवाळाने झाकलेलं तळं. दोन्ही हातांनी शेवाळ बाजूला करून पाणी प्यायचं. दोन्ही वाईट, पण मन मधूनमधून निवळत असेल तर? गाईच्या खुरात साचलेलं पाणी. ओंजळ घातली तर गढूळ होईल, म्हणून गुडघे आणि हात टेकून, गाईसारखं वाकून प्यायचं. आणि काहीच चांगलं नसेल तर? लांबच्या वाटेवर, पुढचं गाव दूर आणि मागचंही दूर, आजारी पडलेला वाटसरू. त्याच्यावर करुणा. आता तुमचा भाऊ यातला कोण, ते ठरवा. बांध सरकवणाऱ्याने आईच्या आजारपणात दवाखान्याच्या खेपा घातल्या असतील, तर तो धड कापडाचा तुकडा आहे. तेवढाच घ्या. उरलेलं फडकं घरी आणायची सक्ती कुणी केलेली नाही.

करुणेबद्दल एक सावधगिरी. मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) आणि उपेक्षा या चार भावनांना ब्रह्मविहार म्हणतात. प्रत्येक ब्रह्मविहाराला एक दूरचा शत्रू असतो आणि एक जवळचा. दूरचा ओळखू येतो. जवळचा मित्रासारखा दिसतो म्हणून धोक्याचा. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष, जवळचा आसक्ती. करुणेचा दूरचा शत्रू क्रूरपणा, जवळचा म्हणजे संसारी खिन्नता, दुसऱ्याचं दुःख पाहून आपणच खचणं. मुदितेचा दूरचा शत्रू दुसऱ्याच्या भल्याने होणारी चडफड, जवळचा आपल्याच लाभाचा हर्ष. उपेक्षेचे दूरचे शत्रू राग आणि लोभ, जवळचा अज्ञानातली बेफिकिरी. भावाबद्दल ‘बिचारा, अक्कल नाही त्याला’ असं वाटू लागलं तर ती करुणा नव्हे. ती भवतृष्णाच, थोरलेपणाच्या पाटावर बसलेली. करुणेत ‘याचं हे दुःख सुटो’ एवढंच असतं, वर-खाली नसतं.

मुंडगोडला तिबेटी मठ आहेत, खानापूर-हल्याळच्या पलीकडे. तिथल्या महायान परंपरेत करुणा हे मार्गाचं एक अंग न राहता मूळच होतं. सर्व प्राण्यांसाठी बुद्धत्व मिळवायचं, या संकल्पाला बोधिचित्त म्हणतात. आपल्याकडचा थेरवादी, म्हणजे पाली ग्रंथांना धरून चालणारा, पाठ आणि तो यांत फरक आहे, पण द्वेषाबाबत दोन्हीकडे सूर एकच.

आता करवत. मज्झिम निकायातलं ककचूपम सुत्त मोलिय फग्गुन नावाच्या भिक्खूच्या निमित्ताने भिक्खूंना सांगितलेलं आहे. ते वचन खरंच आहे, पण ते शेवटचं माप आहे. तालमीत पहिल्या दिवशी कुणी सगळ्यांत जड गदा हातात देत नाही. त्याच सुत्तातली वेदेहिका बाईची गोष्ट तुमच्या जास्त कामाची. शांत म्हणून तिचं गावात नाव. काळी नावाच्या दासीला शंका येते की ही मुळात शांत आहे, की मी कामात चोख आहे म्हणून शांत दिसते. म्हणून काळी एक दिवस मुद्दाम उशिरा उठते, दुसऱ्या दिवशी आणखी उशिरा, आणि शेवटी डोक्यात दाराची खीळ बसते. आपली शांतता कशावर उभी आहे, ते बघायला ही गोष्ट पुरे.

शेवटचा प्रश्न, संसारी माणसाला झेपेल का. परंपरेत बोधाच्या चार पायऱ्या आहेत : सोतापन्न, सकदागामी, अनागामी आणि अरहंत. दहा बंधनं तुटायची असतात, आणि सोतापन्नाची त्यातली पहिली तीनच तुटतात : ‘मी’ म्हणून काही कायमचं आहे ही समजूत, मार्गाबद्दलची शंका, आणि नुसत्या व्रतविधींनी सुटका होते हा भरवसा. द्वेष सकदागामीत पातळ होतो आणि तुटतो तो अनागामीत, म्हणजे तिसऱ्या पायरीवर. अर्थ असा की पहिल्या पायरीवर पोहोचलेल्यालाही राग येतो. बुद्धांचे गृहस्थ अनुयायी अनाथपिंडिक आणि विशाखा सोतापन्न होते, दोघेही घरदार, नातवंडं, व्यवहार असलेले. चित्त गहपती तर गृहस्थ असून अनागामी. तेव्हा ‘भावाचा राग येतो, म्हणजे मी मार्गावर नाही’ हा हिशेब चुकीचा. तुमच्यासाठी पुढची पायरी कोणती, तर चांगल्यांची संगत, सद्धम्म ऐकणं, नीट विचार करणं आणि धम्माला धरून वागणं. सोतापत्तीची चार अंगं म्हणून हीच सांगितली आहेत.

सलग सराव हवा असेल तर कोल्हापूर जिल्ह्यात आळत्याजवळ विपश्यना केंद्र आहे. दहा दिवस, मौन, पहाटे चार ते रात्री नऊ. फी नसते, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर चालतं. तिथेही आधी शील, मग तीन दिवस श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना, आणि मैत्री दहाव्या दिवशी. म्हणजे तिथेही ती शेवटी. मानसिक आजाराची गोळी चालू असेल तर अर्जात लपवू नका. उसाची तोड तोंडावर असताना जाऊ नका, टोळी आली की नाही याचीच दहा दिवस विपश्यना होते. घरी मुलं कन्नड शाळेत असतील आणि त्यांना देवनागरी गाथा वाचायला जड जात असतील, तर त्याच गाथा कन्नड लिपीत लिहून द्या. पालीला स्वतःची लिपी नाही. श्रीलंकेत सिंहली लिपीत लिहितात, थायलंडात थाई.

मोजणीची तारीख लागेल त्या दिवसाचं सांगतो. सकाळी दहा मिनिटं उपकारकर्त्यावरच बसा. तीन महिने झाले असले तरी त्या दिवशी भाऊ नको. उतारा, वाटणीपत्र, जुना नकाशा एका पिशवीत. सम्यक वाचेची पाच मापं अंगुत्तर निकायात आहेत : वेळेवर, खरं, मवाळ, कामाचं, आणि मैत्रीच्या मनाने बोललेलं. पाचवं जमलं नाही तर चारावर भागवा. चारही जमत नसतील तर त्या दिवशी तुमच्या बाजूने बोलायला आत्याच्या मुलाला पुढे करा. भाऊ काही लागेलसं बोलला तर उत्तर सर्व्हेअरकडे बघून द्या, आणि तेही फक्त फुटांत. गुऱ्हाळाचा गूळ किंवा काकवी त्याच्या घरी पाठवायची इच्छा झाली, तर चांगलंच आहे. दान हाही राग उतरवायचा उपाय म्हणून विसुद्धिमग्गात आहे. पण ते मोजणीच्या आधी नको, त्याला लाच वाटेल. दगड बसून झाल्यावर, निकाल कुणाच्याही बाजूने लागो, दोन-चार आठवड्यांनी पाठवा, आणि परत आला तर ठेवून घ्या.